स्पायनलखाली रेमिफेंटॅनिल इन्फ्युजन: किती आणि कसं?

प्रश्न: स्पायनल भूल (पाठीच्या कण्यात टोचून शरीराचा खालचा भाग बधिर करणारी), रुग्ण ६० किलो, दीड-दोन तासांची शस्त्रक्रिया. सेडेशनसाठी, म्हणजे रुग्ण शांत-गुंगीत राहावा म्हणून, रेमिफेंटॅनिल (ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गातलं औषध) शिरेतून सतत कोणत्या गतीने चालवावं?

उत्तर १: १ मिलिग्रॅम ५० मिलीत विरघळवा, म्हणजे दर मिलीला २० मायक्रोग्रॅम. ०.०५ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट ही मात्रा ६० किलोला ताशी ९ मिली होते. ०.०२५ पासून सुरू करा, पाचेक मिनिटं थांबून बघा, मगच वाढवा. ०.१ च्या वर जाऊ नका. बोलस (एकदम दिलेला डोस) तर नकोच: श्वास थांबतो, छाती ताठरते. मिडाझोलाम (गुंगीचं औषध) दिलं असेल तर गती निम्मी.

उत्तर २: मुळात ओपिऑइड हे वेदनाशामक, झोपेचं औषध नव्हे. ब्लॉक (स्पायनलचा बधिरपणा) पक्का बसला असेल तर शमवायला वेदनाच उरत नाही. मळमळ, खाज आणि मंदावलेला श्वास तेवढा पदरात पडतो. नुसती भीती घालवायची तर प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन बरं. एकाच स्थितीत पडून खांदे-पाठ दुखत असेल, तिथे मात्र रेमिफेंटॅनिल खरंच उपयोगी.

उत्तर ३: ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९९ टक्के दिसतं आणि श्वास मिनिटाला ६ वर आलेला असतो. कॅप्नोग्राफी (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं) हवीच. स्पायनलने आधीच रक्तदाब उतरलेला, त्यात हे औषध नाडीही मंदावतं. अॅट्रोपिन (नाडी वाढवायला), फेनिलएफ्रिन (रक्तदाब वाढवायला) भरून ठेवा.

उत्तर ४: औषधाची नळी कॅन्युलाजवळच (शिरेत बसवलेल्या बारीक नळीजवळच) जोडा, अँटी-रिफ्लक्स व्हॉल्व्हसह (औषध उलटं जाऊ न देणारी झडप). पंप बंद केल्यावर नळीत उरलेलं औषध वॉर्डात कुणी सलाइन ढकललं की एकदम आत जातं. कॅन्युला तिथेच धुऊन घ्या.