साडेतीन वर्षं जुना फोन, बॅटरी बदलू की फोनच बदलू? (मदत हवी आहे)

मंडळी जरा सल्ला द्या. २०२२ च्या दिवाळीत १८ हजारांचा अँड्रॉइड घेतला होता, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, ५००० एमएएचची बॅटरी. पहिली दोन वर्षं खरंच तक्रार नव्हती, सकाळी चार्जरवरून काढला की रात्री झोपेपर्यंत चालायचा. आता दुपारी जेवायच्या आधीच २५ टक्क्यांवर येतो, आणि परवा तर भाजीवाल्या मावशींना यूपीआयने ६० रुपये पाठवताना ३१ टक्के दाखवत असताना धाडकन बंदच पडला, मावशी म्हणाल्या राहू दे रे उद्या दे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार्जिंग पिन पण सैल वाटत होती म्हणून फोन बंद करून टूथपिकने हळूच पोर्ट साफ केला तर खिशातला कापूस निघाला हा एवढा, ते मात्र ठीक झालं. व्हॉट्सअ‍ॅपचे गुड मॉर्निंग फोटो उडवून २२ जीबी जागा पण केली.

सर्व्हिस सेंटरवाला बॅटरीचे २२०० सांगतो आणि वर डेटा उडाला तर जबाबदारी तुमची म्हणतो. बाहेरचा दुकानदार ९०० मध्ये करतो पण ओरिजिनल कशावरून? त्यात सिक्युरिटी अपडेट येणं बंद झालंय आणि बँकेची अ‍ॅप्स याच फोनवर आहेत, म्हणजे २२०० घालून अजून किती दिवस काढणार?

आणि एक, मागचं कव्हर एका कोपऱ्यात किंचित उचलल्यासारखं दिसतंय. बॅटरी फुगली असेल का? तसं असेल तर आजपासून चार्जिंगला लावूच नको ना?