मदत हवी आहे: गिअर टाकला की इंजिन दमतं, मागे काळा धूर

मंडळी, माझी २७ फुटी शिडाची बोट आहे, आत २ सिलिंडरचं डिझेल इंजिन. न्यूट्रलमध्ये ते आरामात ३६०० आरपीएमला जातं. गिअर टाकून पूर्ण थ्रॉटल दिला की मात्र २५०० च्या वर हलत नाही आणि काळा धूर सुटतो. (चालत्या बोटीत मोजलंय. धक्क्याला बांधून मोजलं तर आकडा कमीच येतो.) काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा बोजा जास्त, इथवर मला कळतं.

बोट वर काढून पंखा (प्रोपेलर) खरवडला, बार्नॅकल (चिकटून बसणारे समुद्री शिंपले) चांगलेच बसले होते. फरक पडला, पण जेमतेम २०० आरपीएमचा. डिझेल फिल्टर नवे, एअर फिल्टर साफ, शाफ्ट हाताने सहज फिरतो.

आता संशय दोघांवर. एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे वाकलेला पाइप, जिथे गरम धुरात समुद्राचं पाणी मिसळतं, तिथे काजळी आणि मीठ साचून वाट अरुंद होते. बॅटरी चार्ज करायला मी इंजिन तासन्‌तास बिनलोड चालवत आलोय, तेव्हा ती काजळी माझीच कमाई. दुसरा संशय पंख्याच्या पिचवर, म्हणजे एका फेऱ्यात तो न घसरता जितका पुढे जाईल त्या अंतरावर. आधीच्या मालकाने पंखा बदललाय, हबवर (मधल्या भागावर) १४ बाय ११ कोरलंय, म्हणजे व्यास १४ इंच, पिच ११ इंच. मूळचा कोणता होता, कागदच नाहीत.

एल्बोचे बोल्ट पार गंजलेत, काढताना तुटतील अशी धास्ती आहे. तो न काढता बॅक प्रेशर (वाट अडल्याने धुराचा इंजिनाकडे येणारा उलटा दाब) मोजायची काही युक्ती आहे का? आणि पिच १ इंचाने कमी करून घेतला त्यांचे आरपीएम किती वाढले?