कंपाइल केलेल्या मॉडेलच्या कॅशमध्ये व्हर्जन हवंच

कृष्णाकाठ (धागाकर्ता):
पायथनच्या बऱ्याच सिम्युलेशन लायब्रऱ्या समीकरणांतून सी कोड बनवतात, कंपाइल करतात (मशीनला थेट चालेल अशा रूपात बदलतात) आणि ती फाइल पुन्हा वापरायला कॅशमध्ये ठेवतात. फाइलचं नाव बहुधा समीकरणांच्या हॅशवरून, म्हणजे त्यांच्या मजकुरावरून काढलेल्या ठशासारख्या कोडवरून. माझ्या मते तेवढ्यानं भागत नाही. समजा, सी कोड बनवण्यातला बग नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्त झाला. समीकरणं तीच, हॅश तोच, म्हणून जुनीच फाइल लोड होते. एरर काही येत नाही, आकडे मात्र चुकीचे. ते प्रबंधात छापून गेले की कोण शोधणार?

लायब्ररीचं व्हर्जन कॅश फाइलच्या सुरुवातीलाच, बाकीच्या डेटापासून वेगळं लिहा. नंबा (पायथन कोड कंपाइल करणारी लायब्ररी) हेच करतं: इंडेक्स फाइलमधून आधी व्हर्जन वाचतं, जुळलं नाही तर पुढचं पिकल (पायथननं फाइलमध्ये साठवलेला डेटा) उघडतच नाही. व्हर्जन पिकलच्या पोटात असेल तर ते हाती लागायच्या आधीच लोडिंग कोसळू शकतं.

टिंबटिंब:
असहमत. तपासायचंच कशाला? व्हर्जनही हॅशमध्ये घाला, फाइलचं नावच बदलेल. दोन एन्व्हायर्नमेंट (एकाच मशीनवरच्या पायथनच्या वेगळ्या मांडण्या) एकमेकींच्या फाइली पुसणार नाहीत.

कृष्णाकाठ:
पुसण्याचा मुद्दा मान्य. पण कॅश साफ करताना नुसत्या हॅशवरून काय ठेवायचं, काय उडवायचं, हे कळणार कसं? नावात हॅश असू द्या, आत व्हर्जन उघड लिहा.

रिकामा_कोर:
माझा दोघांनाही विरोध. पॅच रिलीजमध्ये (व्हर्जनचा फक्त तिसरा आकडा बदलतो तेव्हा) नुसतं डॉक्युमेंटेशन बदललं तरी सगळी मॉडेलं पुन्हा कंपाइल करायची? लोक वैतागून तपासणीच बंद करतील. पायथनच्या पीवायसी फाइली बघा, त्यांत कोडचं कंपाइल केलेलं रूप, म्हणजे बाइटकोड, असतं. पहिल्या चार बाइटमधला मॅजिक नंबर बाइटकोड बदलला तरच बदलतो, ३.११.४ वरून ३.११.५ वर गेलात तरी तोच राहतो. तसाच कॅशच्या फॉरमॅटला स्वतंत्र नंबर द्या.

कृष्णाकाठ:
तो नंबर आठवणीनं वाढवणार कोण? सीपायथनमागे (नेहमीच्या, मूळ पायथनमागे) मोठी टीम आहे. छोट्या लायब्ररीत दोन-तीन जण, तेही नोकरी सांभाळून. एकदा विसरले की तीच चूक, तीही गुपचूप. त्यापेक्षा पुन्हा कंपाइल केलेलं परवडलं.

टिंबटिंब:
शिवाय एकट्या लायब्ररीचं व्हर्जन पुरत नाही. जून २०२४ मध्ये नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) २.० आलं, एबीआय (कंपाइल केलेले भाग एकमेकांशी जुळण्याची पद्धत) बदलला, आणि १ मालिकेवर कंपाइल केलेली एक्स्टेन्शन त्यावर चालेनात. सीपीयूचंही तेच: नव्या मशीनसाठी खास कंपाइल केलेली फाइल क्लस्टरच्या जुन्या नोडवर ‘इललीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते.

रिकामा_कोर:
नमपाय आणि सीपीयू घ्या, हरकत नाही. लायब्ररीचे मात्र पहिले दोनच आकडे तपासा, पॅचचा सोडा.

कृष्णाकाठ:
अहो, बगची दुरुस्ती पॅच रिलीजमध्येच तर येते!