भाच्याच्या ताब्यावरून दर वर्षी नवा अर्ज : हे थांबवता येईल का?

प्रश्न : खानापूरचा मामा

माझी धाकटी बहीण आठ वर्षांच्या मुलासह माहेरी, खानापूर तालुक्यात राहते. मुलाचे वडील कोल्हापूरला असतात. घटस्फोट परस्पर संमतीने बेळगावात झाला. हुकूमनाम्यानुसार ताबा आईकडे असून, महिन्यातील दोन रविवार आणि ‘दिवाळी व उन्हाळी सुट्टीचे निम्मे दिवस’ मुलाने वडिलांकडे राहायचे आहे. तरीही दर वर्षी कोणाचा ना कोणाचा अर्ज पडतोच. दिवाळीत मुलाला पाठवले नाही म्हणून वडिलांनी अर्ज केला, तर उन्हाळ्यात परत आणून सोडण्यास उशीर झाला म्हणून बहिणीने. आता वडिलांनी पूर्ण ताबाच मागितला आहे, आणि तोही कोल्हापूरच्या न्यायालयात. एकदा निकाल लागलेल्या विषयावर पुन्हा दावा चालतो कसा, आणि यातून कायमचा मार्ग निघतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : निपाणीतील एक वकील

ताब्याचा आदेश शेतजमिनीच्या वाटपासारखा एकदाच होऊन संपत नाही. मूल वाढते, शाळा बदलते, आईवडिलांची परिस्थिती बदलते. म्हणून असे आदेश बदलत्या परिस्थितीनुसार फेरविचारास खुले असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब प्रकरणातच सांगितले आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही मुलाच्या ताब्याविषयीची व्यवस्था बदलून मागता येते. मात्र बदल मागणाऱ्याने परिस्थितीत काय फरक पडला ते दाखवावे लागते. जुनीच तक्रार नव्या कागदावर लिहून भागत नाही.

कोल्हापूरच्या दाव्याविषयी सांगायचे तर, पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो. तुमचा भाचा खानापूरला राहतो आणि तेथेच शिकतो, त्यामुळे हरकतीला चांगला आधार आहे. पण ‘अधिकारच नाही’ असे गृहीत धरून नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका, कारण गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो. पहिल्याच संधीला हजर राहून लेखी हरकत नोंदवा. प्रकरण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करायचे झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयातच जावे लागते, आणि तो खर्च शक्यतो टाळावा. बहिणीला उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तो हक्क दिलेला आहे.

उत्तर : निवृत्त शिरस्तेदार, चिक्कोडी

वकीलसाहेबांनी कायदा नीट सांगितला. पण मला विचाराल तर तुमच्या भांडणाचे मूळ हुकूमनाम्यातील त्या एका ओळीत आहे. आपल्याकडील शाळांना लांब सुट्टी दसऱ्याला मिळते आणि दिवाळीला मोजकेच दिवस. कोल्हापूरकडे दिवाळीची सुट्टी लांब. उन्हाळ्याचेही तसेच : इकडे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत, तर तिकडे मे महिना आणि जूनच्या मध्यापर्यंत. मग वडील आपल्या गावच्या शाळांकडे बघून दिवस मोजतात, आई मुलाच्या शाळेकडे बघून मोजते, आणि दोघांनाही आपण आदेशच पाळतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटते. सीमाभागातील अशा कित्येक अर्जांमध्ये मला द्वेषापेक्षा ही मोघम भाषाच अधिक दिसली.

म्हणून आदेशात लिहून घ्या की, सुट्टी म्हणजे मूल ज्या शाळेत शिकते तिच्या वेळापत्रकातील सुट्टी, आणि ते वेळापत्रक आईने जूनमध्येच वडिलांना पाठवायचे. मुलाला कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे सोपवायचे तेही नोंदवा; निपाणीचे बसस्थानक दोघांनाही सोयीचे पडेल. आपल्या भागात आणखी एक गोष्ट लिहावी लागते, जी पुण्यामुंबईच्या वकिलांना सुचणार नाही. सीमाप्रश्न पेटला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण हे पाहिले आहे. त्या दिवशी भेट हुकली तर ती आदेशाची अवज्ञा ठरू नये, आणि बुडालेला दिवस पुढच्या रविवारी भरून द्यावा. आजारपण आणि परीक्षा यांचीही सोय अशीच करावी.

उत्तर : गडहिंग्लजहून एक वडील

मीही मुलीपासून वेगळा राहणारा बाप आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मामा, दिवाळीत मुलाला पाठवायचे नाही हे कोणी ठरवले, ते तुमच्या प्रश्नात कोठेही आलेले नाही. आमच्याकडे असे निर्णय बहुधा आजोळच्या ओसरीवर होतात आणि सही मात्र आईची असते. मुलाला आईवडील दोघांच्याही सहवासाचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात म्हटले आहे; जेथे प्रत्यक्ष भेट अवघड असेल तेथे व्हिडिओ कॉलचा मार्गही त्याच निकालात सांगितला आहे. तुमच्या हुकूमनाम्यात फोनची वेळ नसेल तर ती घालून घ्या, कारण दोन रविवारांच्या मधले दिवस बापाला फार लांब जातात, आणि चिडलेला बाप वकिलाकडे जातो.

शिवाय मूल पुरेसे समजते झाले असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात आणि बहुधा त्याच्याशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्या वेळी घरातून पढवून पाठवलेले वाक्य लगेच ओळखू येते.

पुन्हा खानापूरचा मामा

सर्वांचे आभार. त्या दिवाळीत मुलाची शाळा खरोखरच सुरू झालेली होती आणि वडिलांना ते पटत नव्हते. निर्णय मात्र बहिणीचाच होता, हे गडहिंग्लजच्या दादांना सांगतो. बहिणीची दुरुस्तीला तयारी आहे. कोल्हापूरचा दावा चालू असताना अशी दुरुस्ती बेळगावात करता येईल का?

निवृत्त शिरस्तेदार, चिक्कोडी

दोघे राजी असतील तर येईल. मसुदा आधी मध्यस्थी केंद्रात बसून ठरवा, मग ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तेथे दोघांच्या सह्यांचा संयुक्त अर्ज ठेवा. कोल्हापूरचा दावा मागे घेण्याची अट आणि तारीख त्याच मसुद्यात असू द्या. ती तोंडी ठेवू नका.