पहिली भेट शेवभाजीच्या ढाब्यावर: साधेपणा की कंजुषी?

काळा मसाला
मावसभावाची सुपारी फुटली, लग्न उन्हाळ्यात. मागच्या रविवारी दोघं पहिल्यांदा एकटे भेटले आणि हा पठ्ठ्या तिला भुसावळ रोडवरच्या ढाब्यावर घेऊन गेला. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकच्या खुर्च्या, शेवभाजी, कळण्याची भाकरी, कांदा, लिंबू. दोघांचं बिल तीनशेच्या आत. तिला आवडलं म्हणे. पण तिच्या काकूंचा फोन आला, "पोरीला ट्रकवाल्यांच्यात बसवलं?" तेव्हापासून दोन्ही घरांत तोंडं वाकडी.

माझं म्हणणं, भाऊ बरोबर आहे. एसी हॉटेलात मेनूकार्डाआड लपता येतं. काळ्या मसाल्याची तर्री भुरकताना नाक गळतं, घाम येतो, तिथे कोणाचं नाटक चालत नाही. लग्नाआधी माणूस असाच बघून घ्यावा.

तापीकाठ
भाऊ, तो शेवभाजी खावाले गया व्हता का पोरगी देखाले? 😄

पाचोऱ्याची सून
नाटक चालत नाही म्हणे. अहो दादा, पोरीला तिथेच जास्त नाटक करावं लागतं. शेजारच्या टेबलावर चौघं बसलेले, त्यातला एक जेवण सोडून हिच्याकडेच बघतोय, आणि हिने ते दिसत नसल्यासारखं करायचं. तिखट लागलं तरी पाणी बेतानं प्यायचं, कारण बाथरूमला कडी नाही. पुरुष कपाशीच्या आडोशाला जाऊन येतात, तिने कुठे जायचं?

'फॅमिली' लिहिलेले पडद्याचे कप्पे असतात, ते सांगू नका. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, मी अशा कप्प्यात बसलेय. पंखा बंद, आणि वेटर दर पाच मिनिटांनी पडदा सारून "और कुछ?" शेवटी मीच म्हटलं, बाहेर बसू.

आणि 'तिला आवडलं' याचं काय कौतुक? होणाऱ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत 'नाही आवडलं' म्हणणारी पोरगी आपल्याकडे किती जणांना चालते?

काळा मसाला
ताई, बघणारे कॅफेतही बघतात. जळगावात काचेच्या कॅफेत बसलं तर रस्त्यावरूनच दिसतं, घरी पोहोचायच्या आत मामाला बातमी. ढाब्यावर निदान ओळखीचं कोणी नसतं.

पाचोऱ्याची सून
मग काकूंना कोणी सांगितलं?

हिशोबनीस
हा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. डीजे, घोडा, मांडवात हजार पानं, त्याला कर्ज काढायला आपण तयार. दोघांनी तीनशे रुपयांत जेवून घेतलं तर लगेच कंजूष? मुलाच्या घरी केळी आहे का? असेल तर भाव पडलेल्या वर्षी त्याच्याकडून थाळीवाल्या हॉटेलची अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा बागेचा खर्च काढून बघावा. जे परवडतं ते पहिल्याच दिवशी दाखवलं, यात मला तरी प्रामाणिकपणा दिसतो.

पाचोऱ्याची सून
मी पैशाबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. शंभर रुपयांत जेवा, पण जिथे बाई निवांत बसेल तिथे.

बडजी
थंडी चालू आहे, बामणोदची वांगी बाजारात आहेत, आणि पोरगा शेवभाजी खाऊ घालतो! जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काय उगीच? शेतात न्यायचं. पळकाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजायची, लाकडी बडजीत मिरची-लसणासोबत ठेचायची, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत पुरी. ना ट्रकवाले, ना बिल.

तापीकाठ
आणि सोबत वीस चुलतभाऊ. भरीत पार्टीला दोघंच गेलेले कधी पाहिलेत का? वांगी ठेचायलाच चार जण लागतात.

ज्वारी
विषय सोडून, पण राहवत नाही. तो ढाबा शेव आधीच रश्श्यात टाकतो की वाढताना? आधी टाकली तर लगदा होतो आणि अशा ठिकाणी नेलं असेल तर काकू बरोबर आहेत. शेव जाड, तिखट आणि ताटात पडेपर्यंत कुरकुरीत हवी.

काळा मसाला
वाढताना. एवढा तो मूर्ख नाही.

पाचोऱ्याची सून
शेवेची चौकशी झाली. आता हेही सांगा, कुठे जायचं ते तिला विचारलं होतं का?

काळा मसाला
विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथे."

पाचोऱ्याची सून
आणि यांनी ते खरं मानलं. दोन-तीन जागांची नावं सांगून, यातली कुठली, असं विचारायचं. मग पोरगी बोलते.

काळा मसाला
पुढची भेट तीच ठरवतेय, खूश? मेहरूण तलाव सांगितलाय, संध्याकाळी.

तापीकाठ
संध्याकाळी मेहरूणला? अर्धं जळगाव तिथे फिरायला येतं. यावेळी काकूंना फोन नको, त्या स्वतःच भेटतील.