शाळेचा टॅब घरी आल्यावर लॉक करावा का? शनिवारी मीटिंग आहे, पटकन सांगा

जुळे_सोलापूरची_आई

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज स्वतःचंच रडगाणं घेऊन आलेय. मुलगा आठवीत, शाळेचं नाव नको. यावर्षी शाळेनं डिपॉझिट घेऊन टॅब दिलेत, घरी न्यायचा, सकाळी चार्ज करून परत आणायचा. पुस्तकं, गृहपाठ, टेस्ट सगळं त्यातच. आम्हाला सांगितलं होतं की रात्री दहानंतर टॅब आपोआप लॉक होतो, काळजी करू नका.

तर गेल्या बुधवारी आमच्याकडं पाणी आलं. सोलापूरकरांना सांगायला नको, चार-पाच दिवसांनी येतं आणि तेही अवेळी. रात्री दीडला मोटर लावायला उठले तर पोराच्या चादरीतनं उजेड. युट्यूबवर क्रिकेटच्या जुन्या क्लिपा बघत होता. टॅब ओढून घेतला, बघते तर त्यावर घड्याळात सकाळचे अकरा वीस. मला वाटलं बिघडलंय, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेला फोन केला तर ते म्हणाले आमच्याकडनं सगळं बरोबर दिसतंय.

हे ग्रुपवर टाकलं आणि दोन पार्ट्याच पडल्या. अर्धे म्हणतात शाळा सुटली की चारला पूर्ण लॉक करा, अर्धे म्हणतात टॅब शाळेतच ठेवून घ्या. पण आमच्या ह्यांचं युनिफॉर्मचं शिलाई युनिट आहे, ते घरी येणार साडेआठला, जेवण करून नवाला गणित घेणार. चारला लॉक झाला तर गणित कशावर घेऊ? मीटिंगमध्ये नेमकं काय मागायचं?

वायफायवाला_होटगीरोड

ताई, पोरगं हुशार आहे ओ, आधी ते मान्य करा :)

बिघडलं काही नाही, त्यानं घड्याळ मागं नेलंय. शाळांच्या टॅबमध्ये एमडीएम म्हणून सॉफ्टवेअर असतं, कुठलं अ‍ॅप चालू कुठलं बंद ते शाळा तिथं बसून ठरवते. वेळेचं कुलूप मात्र बऱ्याचदा टॅबच्या स्वतःच्याच घड्याळावर चालतं, म्हणजे घड्याळात सकाळचे अकरा केले की टॅबच्या लेखी शाळा चालूच आहे. औषध सोपं आहे, तारीख-वेळेची सेटिंगच शाळेनं लॉक करायची, अँड्रॉइड 9 पासून ती सोय आहे. सेटअप करणाऱ्यानं तेवढंच राहू दिलंय, बास.

आता चारला पूर्ण लॉक मागू नका. टॅब अख्खा बंद करायची गरजच नसते, अ‍ॅपवार करता येतं, युट्यूब आणि ब्राउझरचा आयकॉन ठरल्या वेळी राखाडी होतो, दाबला तरी उघडत नाही, पुस्तकाचं अ‍ॅप मात्र चालू राहतं. दुसरं, शाळेच्या वायफायला जो फिल्टर असतो तो शाळेच्या भिंतीपर्यंतच. घरच्या वायफायवर नाहीतर पप्पांच्या हॉटस्पॉटवर सगळं मोकळं, जोवर टॅबच्या आतच फिल्टर टाकलेला नाही तोवर. हे नक्की विचारा, इथंच बहुतेक शाळा गप्प होतात. आणि फॅमिली लिंक (गूगलचं आईबापांनी मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचं अ‍ॅप) टाकायच्या नादी लागू नका, शाळेच्या अकाउंटवर ते बसत नाही.

शेंगाचटणी_कडकभाकरी

एवढं कशाला डोकं लावायचं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, 2022 मध्ये त्यांनी सुरू केलं, संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास अख्ख्या गावात टीव्ही मोबाइल बंद. आपलं सोलापूर तर गिरण्यांच्या भोंग्यावरच उठायचं जेवायचं. लावा परत भोंगा.

जुना_गिरणगावकर

चटणीभाऊ, तिथं आईबापांनीपण मोबाइल खाली ठेवला. तुम्ही आत्ता सव्वासातला काय करताय?

शेंगाचटणी_कडकभाकरी

पोराच्या शेजारी बसून हेच टाइप करतोय. बरं राहू द्या.

माढ्याचा_मास्तर

मी झेडपीचा शिक्षक. आमच्याच तालुक्यात परितेवाडीला डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड लावले, 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या कोडची खरी मजा मूल घरी असतानाच आहे, वर्गात तर बाई समोरच असतात. म्हणून टॅब शाळेतच ठेवा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

माझ्या भाचीच्या शाळेनं (शहरातलीच) गेल्या वर्षी संध्याकाळी सहाला टॅब पूर्ण लॉक केले. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांना काही फरक पडला नाही. भाचीचे आईवडील दोघंही कारखान्यात, घरात दुसरं काही नाही. ती पाचला घरी यायची, दप्तर न टाकता तशीच उंबऱ्यात बसून स्क्रीनवरची गणितं वहीत उतरवून घ्यायची, भूमितीच्या आकृत्या पेन्सिलनं काढायची, का तर सहा वाजले की गेलं. आणि बाई गृहपाठ टाकायच्या साडेसातला! टॅब बंद, गृहपाठ टॅबमध्ये. दोन महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही, भाचीला तेवढी शेऱ्यांवर शेरे. तेव्हा मीटिंगमध्ये मुलांची वेळ ठरवाल तशी मास्तरांची पण ठरवून घ्या, सहानंतर काही टाकायचं नाही. हे मी मास्तर असून म्हणतोय.

पॉलिटेक्निक_पब्लिक

काका-काकू लोकांनो, टॅबवाल्या बॅचचाच आहे मी. घड्याळाची ट्रिक फार जुनी आहे बे. ती बंद केली की पुढची म्हणजे टॅब रिसेट मारायचा. सेटअप नीट असेल तर रिसेटनंतरही चालू होताना शाळेचंच सेटिंग परत येतं, नसेल तर टॅब कोरा. आणि राउटरवरनं टॅब ब्लॉक करणारे पप्पा, राउटर ज्या नंबरावरनं टॅबला ओळखतो तो नंबर टॅब बदलून दाखवू शकतो, सेटिंगमध्येच आहे. जास्त सांगत नाही, भाऊ लहान आहे माझा.

सातरस्ता_वकील

लॉकवर सगळे बोलताय, कॅमेऱ्यावर कुणीच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लोअर मेरियन म्हणून शाळांचा जिल्हा आहे, मुलांना घरी न्यायला लॅपटॉप दिले होते. चोरी झाला तर सापडावा म्हणून लांबनं कॅमेरा चालू करायची सोय ठेवलेली, आणि मुलांचे घरातले, खोलीतले फोटो निघत राहिले. 2010 मध्ये केस झाली, शाळेला 6 लाख 10 हजार डॉलर देऊन मिटवावी लागली. शाळेच्या हातात कुलूप देताना खिडकी पण जाते हे ध्यानात घ्या. आपल्याकडं 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. म्हणून घरी असताना शाळेला काय दिसतं, लोकेशन, स्क्रीन, कॅमेरा, ते लेखी मागा. तोंडी "काही दिसत नाही हो" चालणार नाही.

जुळे_सोलापूरची_आई

मीटिंग झाली, सांगते. आधी शुक्रवारी पोरालाच विचारलं, टॅब माझ्या हातात दे आणि करून दाखव. दाखवलं की! सेटिंग, तारीख-वेळ, ऑटोमॅटिक बंद, काटा मागं. दहा सेकंद लागले.

मीटिंगला टॅबचं बघणारा मुलगा आला होता. घड्याळाचं सांगितल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं, सोमवारी करतो म्हणाला. युट्यूब आणि ब्राउझर रात्री नऊ ते सकाळी सहा बंद, पुस्तकं आणि गृहपाठ चालू, एवढ्यावर दोन्ही पार्ट्या कशाबशा तयार झाल्या. आतला फिल्टर आहे का विचारल्यावर "बघून सांगतो". काय काय दिसतं ते लेखी द्या म्हटल्यावर मॅडमनी वहीत लिहून घेतलं. सहानंतर गृहपाठ नको म्हटलं तेव्हा मात्र सगळे सर पंख्याकडं बघायला लागले. मास्तर, तुमचं नाव घेतलं नाही काळजी करू नका.

घरी आल्यावर पोरानं पहिलं हेच विचारलं, माझं नाव सांगितलंस का. नाही म्हटलं. तर म्हणतो, सांगायचंस की, वर्गात सगळ्यांनाच येतं ते.

आज परत पाण्याचा दिवस आहे. उठेनच.