चाक न वापरणाऱ्या ओडुंडो
‘कुंभाराच्या चाकावर हात बसला नाही तर तो स्टुडिओ पॉटर (स्वतःच्या कार्यशाळेत भांडी घडवणारा कलाकार) कसला’ असं एक मत ऐकलं, ते काही पटलं नाही. मातीकाम करणाऱ्या कलाकार मॅग्डलीन ओडुंडो आपली भांडी चाकावर घडवतच नाहीत. जन्म नैरोबीचा (१९५०), कलेचं उच्च शिक्षण इंग्लंडमधलं. पण हाताने भांडं उभं करणं त्या शिकल्या नायजेरियातल्या अबुजा पॉटरी या कुंभारकामाच्या केंद्रात, तिथल्या कुंभार लाडी क्वाली आणि तिथल्या इतर बायकांकडून. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, पातळ मातीचा लेप द्यायचा आणि घोटत बसायचं. लोक ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) समजतात ती चकाकी निव्वळ घोटण्याची! भट्टीतून भांडं तांबूस निघतं. काळं हवं असेल तर पुन्हा भाजताना हवा कोंडायची. कपबश्यांवर पोट असणाऱ्यांचं मात्र चाकावाचून अडेल, हे मान्य.